फिलिबेर जोसेफ रू

फिलिबेर जोसेफ रू (१७८०–१८५४) हे फ्रेंच शल्यचिकित्सक होते. दुभंगलेली मृदू टाळू, म्हणजे टाळूचा मागचा मऊ भाग, टाके घालून सांधण्याच्या शस्त्रक्रियेच्या प्रवर्तकांत त्यांची गणना होते.

रू यांचा जन्म ओसेर येथे झाला. पॅरिसमध्ये ते शरीररचनाशास्त्रज्ञ झाव्हिए बिशा यांचे शिष्य व स्नेही होते. १८१२ मध्ये अध्यासनाच्या स्पर्धेत गीयोम द्युपुइत्रां यांनी त्यांच्यावर मात केली. मात्र १८३५ मध्ये द्युपुइत्रां यांच्या निधनानंतर ओतेल-द्यू रुग्णालयातील त्यांचे पद रू यांनाच मिळाले.

बोलताना मृदू टाळू वर उचलली जाऊन घशाच्या मागील भिंतीला टेकते आणि नाकाकडील वाट बंद होते. ती दुभंगलेली असल्यास हवा नाकावाटे निसटते. प, ब, त, द हे वर्ण नीट उमटत नाहीत व उच्चार गेंगाणा होतो. मॉन्ट्रियलहून पॅरिसला आलेले वैद्यकीचे विद्यार्थी जॉन स्टीफनसन यांना हे व्यंग जन्मतःच होते. १८१९ मध्ये रू यांनी त्यांच्या टाळूच्या फटीच्या दोन्ही कडा कापून ताज्या केल्या आणि वक्र सुईने दोरे ओवून त्या एकत्र बांधल्या. ईथरची भूल प्रचारात येण्यास अजून पाव शतक होते. रुग्णाने पूर्ण शुद्धीत, तोंड उघडे ठेवून हे सारे सोसायचे आणि नंतर काही दिवस बोलणे व खाणे वर्ज्य करायचे, अशी ही शस्त्रक्रिया होती. ती यशस्वी झाली. १८२० मध्ये एडिनबरा येथील पदवीसाठी स्टीफनसन यांनी लॅटिन प्रबंध लिहिला, तो याच शस्त्रक्रियेवर. पुढे मॅकगिल विद्यापीठाची वैद्यक विद्याशाखा ज्या संस्थेतून उभी राहिली, तिच्या संस्थापकांत ते होते.

प्रथमत्वाचे श्रेय निर्विवाद नाही. बर्लिनचे कार्ल फर्डिनांड फॉन ग्रेफे यांनी अशी शस्त्रक्रिया १८१६ मध्येच केली होती. रू यांनी ती स्वतंत्रपणे केली, असे सामान्यतः मानले जाते. पद्धतीचा प्रसार व तिचे 'स्टॅफिलोराफी' हे नाव यांचे श्रेय त्यांच्याकडे जाते.

फट सांधली तरी प्रत्येकाची वाणी सुधारत नसे. सांधलेली टाळू आखूड किंवा ताठर राहिली, तर ती घशाच्या भिंतीपर्यंत पोहोचत नाही. हा प्रश्न रू यांच्या टाक्यांनी सुटणारा नव्हता. त्यांच्या मृत्यूनंतर फ्रांकफुर्टचे गुस्टाव्ह पासाव्हां यांनी टाळू थेट त्या भिंतीलाच जोडण्याचा प्रयत्न केला, तर कार्ल शेनबोर्न यांनी १८७० च्या दशकात भिंतीतूनच ऊतीची पट्टी सोडवून ती टाळूला शिवली.