हकीम इब्न सीना आणि साथीच्या पूर्वखुणा

जानेवारी 2025 मध्ये उदगीर शहरातील उद्यानांत कावळे मरून पडू लागले. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले, बर्ड फ्लूचे निदान झाले आणि प्रशासनाने परिसर सतर्कता क्षेत्र म्हणून जाहीर केला. त्या दिवसांत लातूर-नांदेडकडे नमाजनंतर दोन प्रश्न कानावर येत. काही बंधू विचारीत, हा अपशकुन आहे काय? काहींना वेगळीच शंका होती. भविष्याचे ज्ञान केवळ अल्लाहला आहे. मग पक्ष्यांच्या मरणावरून माणसांच्या आजाराचा अंदाज बांधणे ईमानाला धरून आहे काय? या प्रश्नांचा विचार करताना एका हजार वर्षांपूर्वीच्या हकीमाचे चरित्र आपल्याला साह्य करते.

अबू अली हुसैन इब्न अब्दुल्लाह इब्न सीना यांचा जन्म हि. 370 (इ.स. 980) मध्ये बुखाराजवळील अफशना या गावी झाला. वडील मूळचे बल्खचे आणि सामानी राजवटीतील अधिकारी होते. आईचे नाव सितारा. वयाच्या दहाव्या वर्षी त्यांना कुरआन मुखोद्गत होते. हिंदी अंकगणित शिकण्यासाठी वडिलांनी त्यांना एका भाजीविक्रेत्याकडे पाठविले. ज्ञान ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून ते घ्यावे, ही शिकवण त्यांना घरातूनच मिळाली. फिकहचे धडे त्यांनी इस्माईल जाहिद यांच्याकडे घेतले. सोळाव्या वर्षापर्यंत वैद्यकात त्यांनी अशी गती मिळविली की अनुभवी हकीम त्यांच्याकडे शिकण्यास येऊ लागले. एखादा प्रश्न सुटेनासा झाला की ते मशिदीत जात, नमाज अदा करीत आणि अल्लाहकडे मार्ग मागत.

पुढे सामानी शासक नूह इब्न मन्सूर आजारी पडला. त्याच्या उपचारात तरुण इब्न सीना सहभागी झाले आणि त्यांना राजग्रंथालयाचे दार खुले झाले. परंतु हे स्थैर्य टिकले नाही. वडील वारले, सामानी सत्ता कोसळली आणि त्यांना बुखारा सोडावे लागले. गुरगंज, जुर्जान, रै, हमदान असा त्यांचा प्रवास झाला. जुर्जान येथे त्यांना अबू उबैद जुजजानी हा शिष्य भेटला. त्याने अखेरपर्यंत साथ दिली आणि गुरूंचे चरित्र पूर्ण केले. हमदानात ते शम्सुद्दौला याचे वजीर झाले. सैन्याने बंड केले, त्यांचे घर लुटले आणि त्यांच्या प्राणांची मागणी केली. त्यांना चाळीस दिवस लपून राहावे लागले. शासकाच्या पोटशूळाने पुन्हा उचल खाल्ली तेव्हा त्याच लोकांना त्यांना सन्मानाने बोलवावे लागले. दिवसा राज्यकारभार आणि रात्री अध्यापन व लेखन, असा त्यांचा क्रम होता. पुढे फर्दजानच्या किल्ल्यात सुमारे चार महिने कैद भोगली; तेथेही लेखणी थांबली नाही. अखेर सूफीचा वेश घेऊन ते इस्फहानला निसटले.

अशा धावपळीत त्यांनी अल-कानून फित्-तिब हा पाच खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. बाराव्या शतकात टोलेडो येथे त्याचा लॅटिन अनुवाद झाला आणि युरोपातील विद्यापीठांत तो शतकानुशतके शिकविला गेला. आपल्याकडील युनानी हकीमांच्या परंपरेचाही तो आधारग्रंथ आहे.

या ग्रंथाच्या चौथ्या खंडात ज्वरांचे विवेचन आहे. तेथे वबा, म्हणजे साथ, येण्यापूर्वी सृष्टीत कोणत्या खुणा दिसतात याची नोंद इब्न सीना करतात. ऋतू आपला स्वभाव सोडतात, वारे आणि ढग नेहमीप्रमाणे वागत नाहीत. बेडूक आणि सडक्या जागी वाढणारे कीटक बेसुमार होतात. जमिनीच्या पोटात राहणारे उंदीर आणि इतर प्राणी गुंगी आल्यासारखे होऊन वर येतात आणि सैरावैरा पळतात. करकोच्यासारखा सावध पक्षी घरटे सोडून जातो, कधी अंडीही मागे ठेवतो. म्हणजे रोगी दारात येण्यापूर्वीच हकीमाने हवा, पाणी, बीळ आणि घरटे यांकडे पाहिले पाहिजे.

दूषित हवा हे साथीचे कारण आहे, असे ते मानीत. हे कारण अपुरे होते. परंतु त्यांनी टिपलेली खूण खरी होती. 1894 मध्ये हाँगकाँग येथे येर्सिन यांनी प्लेगचा जंतू शोधला. 1896 मध्ये मुंबईत प्लेग पसरला. 1898 मध्ये कराचीत सिमाँ यांनी उंदराच्या अंगावरील पिसवांचा दुवा दाखविला. उंदीर मेला की त्याच्या पिसवा दुसरे शरीर शोधतात आणि तेव्हा माणसाची पाळी येते. म्हणून उंदीर आधी मरतात आणि माणसे नंतर.

आपल्या मराठवाड्याने हे पाहिले आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे जमीनदोस्त झाली. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 1994 मध्ये, बीड जिल्ह्यातील मामला गावात उंदीर मरून पडू लागले, पिसवांचा उपद्रव वाढला आणि त्यानंतर सप्टेंबरमध्ये गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण आढळले. भूकंपानंतर सोडलेल्या घरांत राहिलेल्या धान्यावर उंदीर वाढले, असा संबंध अभ्यासकांनी जोडला. खूण दिसली आणि रोगी आढळले, यांच्यामध्ये काही आठवड्यांचा अवधी होता. सावध होण्यासाठी मिळालेला हा अवधी अल्लाहची मोठी कृपा आहे.

आता आपल्या दोन प्रश्नांकडे वळू. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे पुत्र इब्राहीम (रजि.) यांच्या निधनाच्या दिवशी सूर्यग्रहण लागले. लोकांनी दोन्ही घटनांचा संबंध जोडला, तेव्हा प्रेषितांनी (स.) तो भ्रम तत्काळ दूर केला. सूर्य-चंद्र अल्लाहच्या खुणा आहेत, कोणाच्या जन्ममृत्यूसाठी त्यांना ग्रहण लागत नाही, असे त्यांनी समजाविले. अपशकुन मानण्यास इस्लाममध्ये जागा नाही. कावळा दु:ख आणत नाही; तो स्वतः आजारी असतो.

दुसरी शंकाही याच प्रकाशात मिटते. ढग पाहून शेतकरी धान्य झाकतो, तेव्हा तो परोक्षज्ञानाचा, इल्मे-गैबचा, दावा करीत नाही. अल्लाहने कारण आणि परिणाम यांची जी सांगड घातली आहे, तिच्यानुसार तो वागतो. साथ असलेल्या भूमीत जाऊ नये आणि तेथे असल्यास पळून जाऊ नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण याच जाणिवेची आहे. तवक्कुल म्हणजे डोळे मिटणे नव्हे.

येथे एक कठीण गोष्टही बोलली पाहिजे. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांची रोजी कोंबडीपालनावर आणि चिकनच्या दुकानावर आहे. पक्षी मरू लागले की खबर द्यावी की गुपचूप माल विकून मोकळे व्हावे, हा मोह तेथे उभा राहतो. प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतला ओला माल बाहेर काढला होता आणि फसवणूक करणाऱ्याला आपल्यांतला मानण्यास नकार दिला होता, हे विसरू नये. मेलेला पक्षी तर मुळातच हराम आहे. आजार लपविणारा शेजाऱ्याच्या जिवाशी खेळतो. साथ रोखण्यासाठी शासन जे पक्षी नष्ट करते, त्यांची भरपाई मिळते. म्हणून वेळेवर कळविण्यात व्यवहारही आहे आणि अमानतही.

इब्न सीना यांच्या सर्वच गोष्टी अनुकरणीय नाहीत. त्यांच्या चरित्रात मद्यपानाचा उल्लेख आहे. विश्वाचे अनादित्व आणि शारीरिक पुनरुत्थान यांसारख्या विषयांत त्यांच्या तत्त्वज्ञानाचे इमाम गजाली (रह.) यांनी कठोर खंडन केले. ते खंडन आपण मानतो आणि त्यांचे वैद्यकही घेतो. अखेरच्या दुखण्यात उपचार निष्फळ ठरल्याचे त्यांनी ओळखले, गुलामांना मुक्त केले, संपत्तीचा सदका केला आणि कुरआन पठणात वेळ घालविला. रमजान हि. 428 (इ.स. 1037) मध्ये हमदान येथे त्यांचे निधन झाले.

कुरआनात आदम (अलै.) यांच्या पुत्राला मृत भावाचा देह कसा झाकावा हे एका कावळ्याने शिकविल्याचा प्रसंग आहे. पक्ष्याकडून शिकण्यात कमीपणा नाही. परसात, विहिरीजवळ किंवा शेतात पक्षी अथवा उंदीर एकामागून एक मेलेले दिसले, तर त्यांना उघड्या हाताने स्पर्श करू नका, मुलांना दूर ठेवा आणि ग्रामपंचायत, पशुवैद्यकीय दवाखाना किंवा आरोग्य केंद्रास त्याच दिवशी कळवा. अल्लाह आपणा सर्वांना त्याच्या खुणा पाहण्याची दृष्टी आणि खरे बोलण्याचे धैर्य देवो. आमीन.