भास्कराचार्य आणि न थांबणारं चाक

पहिल्या सेमिस्टरला मेकॅनिक्सने ज्यांची झोप उडवली त्यांच्यासाठी हा लेख! मी कॉन्व्हेंटची, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या. शाळेत फोर्स म्हटलं की न्यूटन आणि सफरचंद, एवढंच माहीत. भास्कराचार्य मला भेटले ते हॉस्टेलच्या मेसमधल्या भांडणात. बीडवाल्या म्हणत होत्या, ते आमचे. जळगाववाल्या म्हणत होत्या, आमचेच!

भास्कराचार्यांनी आपलं गाव सह्याद्रीजवळचं विज्जडविड असं लिहून ठेवलंय. ते म्हणजे बीड, असं काही अभ्यासक मानतात. काही जण मात्र चाळीसगावजवळच्या पाटणकडे बोट दाखवतात, कारण त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातू चांगदेव याने तिथे मठ काढला होता. तसा शिलालेखच आहे.

त्यांचा जन्म इ.स. १११४ चा. वडील महेश्वर हेच गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० साली, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे त्याचे चार भाग. (आपलं एक जर्नल वेळेत पूर्ण होत नाही!)

पृथ्वी कशावर टेकली आहे, हा तेव्हाचा मोठा प्रश्न. गोलाध्यायात ते विचारतात, आधार मानला तर त्या आधाराला आधार कोणाचा? याला शेवटच नाही. त्यापेक्षा पृथ्वी स्वतःच्या शक्तीने आकाशात आहे असं माना. जड वस्तू ती आपल्याकडे ओढते, म्हणून त्या पडल्यासारख्या दिसतात. चारी बाजूंना आकाश सारखंच, मग ती स्वतः पडणार कुठे? ग्रहांची नुसती दिवसाची गती न काढता त्यांनी त्या क्षणाची, म्हणजे 'तात्कालिक' गतीही काढली. आपल्या डेरिव्हेटिव्हच्या अगदी दारात!

पण म्हणून न्यूटनचं सगळं आपल्याकडे आधीच होतं, असं म्हणणं खरं नाही. पृथ्वी स्थिर आहे असंच भास्कराचार्य मानत होते. ओढ किती, अंतराबरोबर ती किती कमी होते, हा नियम न्यूटनने १६८७ मध्ये मांडला. शिवाय भास्कराचार्य एका ठिकाणी चुकलेही. पोकळ आऱ्यांत अर्धा पारा भरलेलं चाक आपोआप फिरत राहील, असं त्यांनी लिहिलं. उतरणाऱ्या बाजूचा पारा आसापासून लांब जातो हे खरं, पण चढणाऱ्या बाजूला पारा जास्त साठतो. दोन्हीकडचे मोमेंट सारखे होतात, वर फ्रिक्शन आहेच. चाक थांबणारच.

ही चूक वाचून मला ते जास्तच जवळचे वाटले. एवढा मोठा माणूस, तरी प्रयोगाशिवाय फसला. आणि तरीही थांबला नाही. ११८३ साली, ६९ व्या वर्षी, त्यांनी 'करणकुतूहल' लिहिलं. १५८७ मध्ये अकबराच्या दरबारातल्या फैजीने लीलावती फारसीत नेली. १९७९ मध्ये भारताचा 'भास्कर' उपग्रह आकाशात गेला.

तेव्हा मैत्रिणींनो, ते बीडचे की पाटणचे यावर भांडा खुशाल, पण आधी त्या चाकाचा फ्री बॉडी डायग्राम काढून दाखवा. जिला जमेल, आचार्य तिचे!