आज्ञावल्यांची गाठ घालणाऱ्या ग्रेस हॉपर

सी भाषेत एका फाईलमध्ये केवळ घोषित केलेले फंक्शन दुसऱ्या फाईलमध्ये लिहिलेले असू शकते. दोहोंची गाठ लिंकर घालून देतो. ही जोडणी यंत्राकडून करवून घेण्याचा मार्ग अमेरिकी गणितज्ञ ग्रेस हॉपर यांनी सी भाषेच्या सुमारे वीस वर्षे आधी दाखवला.

१९४४ मध्ये नौदलाने त्यांना हार्वर्ड येथील मार्क-१ संगणकावर नेमले. तेथे तपासून झालेल्या लहान आज्ञावल्या सहकारी एकमेकांच्या वह्यांतून हाताने उतरवून घेत. पुढे त्यांतील पत्त्यांची बेरीजही करावी लागे. दोन्हींत चुका होत.

१९५२ च्या सुमारास युनिव्हॅकसाठी रचलेल्या ए-० प्रणालीत त्यांनी या आज्ञावल्या फितीवर ठेवून प्रत्येकीला क्रमांक दिला. मात्र जो भाग अद्याप आलाच नाही, त्याचा पत्ता आधी कसा लिहावा? बास्केटबॉल खेळलेल्या हॉपर यांना पुढे धावणाऱ्या गड्याकडे फेकलेला चेंडू आठवला. तात्पुरती उडी स्मृतीच्या एका राखीव कोपऱ्यात टाकायची आणि तो भाग आल्यावर कोपऱ्यातून त्याच्याकडे वाट काढून द्यायची. या प्रणालीला त्यांनी कंपायलर म्हटले. आजच्या अर्थाने ती लिंकरलाच अधिक जवळची. संगणक केवळ अंकगणित करतो, या समजुतीमुळे ती वापरायला प्रारंभी कोणी धजेना.

१९८६ मध्ये, वयाची ७९ वर्षे पूर्ण झाल्यावर, त्या रिअर ॲडमिरल म्हणून नौदलातून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.