नौबतखान्यातून लाल किल्ल्यापर्यंत : उस्ताद बिस्मिल्ला खाँ

वाराणसी येथे २१ ऑगस्ट २००६ रोजी उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांचे वयाच्या नव्वदीत निधन झाले, तेव्हा केंद्र सरकारने राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला. फातमान येथील दफनभूमीत एका कडुनिंबाच्या झाडाखाली, लष्करी मानवंदनेसह आणि त्यांच्या शहनाईसोबत त्यांना निरोप देण्यात आला. राजवाड्याच्या दारावर बसून वाजविणाऱ्या वादकांच्या घराण्यात जन्मलेल्या या कलावंताला राष्ट्राने दिलेला हा अखेरचा मान होता. त्यांच्या आजोबा-पणजोबांच्या काळात शहनाईवादकाला दरबाराच्या आत बसण्याचीही जागा नव्हती. हे अंतर कसे कापले गेले, याची कहाणी म्हणजेच बिस्मिल्ला खाँ यांचे जीवन होय.

दरवाजावरचे संगीत

महाराष्ट्रात ज्याला आपण नगारखाना किंवा सनई-चौघडा म्हणतो, त्यालाच उत्तर हिंदुस्थानात नौबत म्हणतात. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरील नगारखाना आजही पाहावयास मिळतो. मोगल काळात नौबत हा पूर्ण वाद्यवृंद होता. आईन-ए-अकबरी या ग्रंथात नगारे, ढोल, कर्णे, झांजा आणि एका वेळी वाजविल्या जाणाऱ्या नऊ सुरना यांची नोंद आहे. पुढे संस्थाने आणि मोठ्या जमीनदाऱ्या यांनीही आपापल्या ऐपतीप्रमाणे हा वृंद बाळगला. एकोणिसाव्या शतकापर्यंत बहुतेक ठिकाणी तो दोन-तीन शहनाया, एक सूर धरणारी शहनाई आणि नगाऱ्यांची जोडी एवढाच उरला होता.

या वादकांची चाकरी घड्याळाला बांधलेली असे. पहाटे, दुपारी, सायंकाळी आणि रात्री ठरलेल्या प्रहरी नौबत झडली पाहिजे, हा दंडक. थंडी असो वा पाऊस, राजा गावात असो वा नसो, वादन चुकवून चालत नसे. याखेरीज पुत्रजन्म, विवाह, सण, मिरवणूक आणि पाहुण्यांचे आगमन या प्रसंगांचे वादन वेगळे. मोबदला बहुधा रोख पगारापेक्षा धान्य, वस्त्र, बिदागी आणि क्वचित इनाम जमीन या रूपाने मिळे. नोकरी बापाकडून मुलाकडे जात असे. त्यामुळे पोटाची हमी होती, मात्र ती मालकाच्या मर्जीवर अवलंबून होती.

मानाची उतरंडही स्पष्ट होती. बीनकार आणि धृपदिये दरबारात गालिच्यावर बसत, तर शहनाईवाले दरवाजावरच्या सज्जात. त्यांचे वादन सर्व गाव ऐके, परंतु कोणी त्यांच्यासमोर बसून ते ऐकत नसे. शहनाई हे मंगलवाद्य मानले गेले, तरी मैफलीचे वाद्य मानले गेले नाही. आपल्याकडील वाजंत्री आणि गुरव यांची स्थिती यापेक्षा फारशी वेगळी नव्हती.

डुमराँव ते काशी

आजच्या बिहारमधील बक्सर जिल्ह्यातील डुमराँव ही अशीच एक मोठी जमीनदारी. तेथील महाराजांच्या पदरी बिस्मिल्ला खाँ यांचे घराणे अनेक पिढ्या शहनाईची सेवा करीत होते. आजोबा रसूल बक्श आणि वडील पैगंबर बक्श हे दोघेही दरबारी शहनाईवादक होते. २१ मार्च १९१६ रोजी पैगंबर बक्श यांना दुसरा मुलगा झाला. थोरल्याचे नाव शमसुद्दीन असल्याने धाकट्याचे कमरुद्दीन ठेवण्यात आले. परंतु नातवाला पाहताच आजोबांच्या तोंडून ईश्वराच्या नामाचा उच्चार झाला आणि तेच बिस्मिल्ला हे नाव पुढे जगभर गेले.

डुमराँवचे शहनाईशी नाते आणखीही एका कारणाने आहे. शहनाईच्या तोंडाशी बसविली जाणारी पत्ती नरकट नावाच्या पोकळ गवतापासून करतात. हे गवत डुमराँवच्या परिसरात, मुख्यतः शोण नदीच्या काठी मिळते. लहान बिस्मिल्ला गावच्या बिहारीजींच्या मंदिरात चैता गात असे आणि त्याला बक्षीस म्हणून लाडू मिळत असे, अशी आठवण सांगितली जाते.

सहाव्या वर्षाच्या सुमारास तो आजोळी काशीला आला. मामा सादिक हुसेन आणि अली बक्श हे दोघेही नामांकित शहनाईवादक होते व निरनिराळ्या संस्थानांच्या दरबारी वाजविण्यास जात. विलायतू या नावाने ओळखले जाणारे अली बक्श काशीच्या विश्वनाथ मंदिराशी संबंधित होते. दरबार आणि देऊळ या दोन आश्रयांवर या घराचा संसार चालत असे.

पंचगंगा घाटाजवळील बालाजी मंदिराच्या प्रवेशद्वारी असलेला नौबतखाना ही बिस्मिल्लाची शाळा झाली. काशीचा हा भाग मराठी वाचकांना परका नाही. येथील अनेक घाट आणि देवळे पेशवे, शिंदे आणि होळकर यांच्या आश्रयाने उभी राहिली वा सावरली गेली. पहाटे मामांचे वादन ऐकावे, दिवसा तासन्‌तास रियाज करावा आणि समोर गंगा वाहत असावी, असा क्रम अनेक वर्षे चालला. या रियाजाचा मोबदला म्हणून मंदिराकडून एक अधेली, म्हणजे आठ आणे मिळत. या पैशांतून सुलोचनाचे चित्रपट पाहण्याची हौस तो भागवीत असे. मंदिराकडे जाताना वाटेत रसूलनबाई आणि बतूलनबाई या गायिका भगिनींचे घर लागे. तेथून कानावर पडणारे ठुमरी-टप्पे हा आपल्या संगीताचा पहिला संस्कार होता, असे त्यांनी उतारवयातही आवर्जून सांगितले. समाज ज्या गायिकांना प्रतिष्ठा देत नव्हता, त्यांचे ऋण त्यांनी कधी लपविले नाही.

वाद्याची मर्यादा आणि तिच्यावरील मात

शहनाई ही लाकडाची निमुळती नळी. तिला पितळी कर्णा, सात-आठ छिद्रे आणि दुहेरी पत्ती असते. पाश्चात्त्य सुषिर वाद्यांना असतात तशा चाव्या तिला नाहीत. स्वरावरून स्वरावर घसरत जाणारी मींड काढावयाची तर बोटांनी छिद्र अर्धे-पाव उघडावे लागते आणि त्याच क्षणी ओठांचा दाब व श्वासाचा जोर बदलावा लागतो. पत्ती थोडी ओली वा कोरडी झाली तरी स्वर हलतो. मोकळ्या हवेत दूरवर पोहोचणारा आवाज हे नौबतीतील तिचे बळ होते, तर बैठकीत तोच आवाज अडचणीचा ठरे.

अली बक्श यांनी भाच्याला गळ्याचीही तालीम दिली. त्यामुळे बिस्मिल्ला खाँ वाद्यावर ख्यालाची बढत करू लागले. नगाऱ्याऐवजी खुर्दक वा दुक्कड ही लहान जोडी साथीला आली आणि नंतर तबलाही आला. शहनाईचा आवाज त्यांनी इतका आवरला, की तो बंद सभागृहात, अगदी ध्वनिक्षेपकासमोरही, कोमल वाटू लागला. ठुमरी, चैती आणि कजरी या पूर्वेकडील प्रकारांना शहनाईवर जे रूप मिळाले, त्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांनाच दिले जाते.

वयाच्या चौदाव्या वर्षी, १९३० मध्ये, त्यांनी मामांसमवेत अलाहाबादच्या संगीत परिषदेत वादन केले. १९३७ मध्ये कलकत्ता येथील अखिल भारतीय संगीत परिषदेतील वादनाने शहनाई मैफलीच्या मंचावर आली.

आश्रयदाता बदलतो

१९३८ मध्ये नभोवाणीचे लखनौ केंद्र सुरू झाले आणि बिस्मिल्ला खाँ तेथून वादन करू लागले. ही घटना त्यांच्या जीवनात निर्णायक ठरली. दरबारी चाकरीत वादकाचे नाव क्वचितच घेतले जाई. नभोवाणीवर मात्र प्रथम नाव, मग राग आणि मग वादन अशी प्रथा होती. ठरावीक कार्यक्रमास ठरावीक मानधन मिळे. श्रोता कोण, कोणत्या जातिधर्माचा, गरीब की श्रीमंत, हा प्रश्न उरत नसे. पुढे आकाशवाणीच्या प्रातःकालीन मंगलध्वनीमुळे त्यांची शहनाई देशातील असंख्य घरांत दररोज पहाटे ऐकू येऊ लागली. एका अर्थाने नौबतीचा पहाटेचा प्रहर नभोवाणीने पुढे चालविला आणि तो एका गावाऐवजी सर्व देशासाठी वाजू लागला.

हा बदल वेळेवर झाला, असेच म्हणावे लागेल. १९४९ मध्ये बनारस संस्थान उत्तर प्रदेशात विलीन झाले. बिहारमध्ये १९५० च्या भूमिसुधार कायद्याने जमीनदाऱ्या संपुष्टात आल्या आणि डुमराँवचा आश्रयही त्याच लाटेत ओसरला. ज्या वादकांपाशी दरबारावाचून दुसरा आधार नव्हता, त्यांना लग्नसराईवर गुजराण करावी लागली. जमीनदारी जाणे हे कुळांच्या दृष्टीने न्यायाचे होते. परंतु त्याच व्यवस्थेवर पोसलेल्या कलावंतांचे पुढे काय, याचा विचार कायद्यात नव्हता.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वातंत्र्याच्या मंगलप्रसंगी दिल्लीत बिस्मिल्ला खाँ यांची शहनाई वाजली. २६ जानेवारी १९५० रोजी, पहिल्या प्रजासत्ताकदिनी, त्यांनी लाल किल्ल्यावरून राग काफी सादर केला. ज्या किल्ल्याच्या नौबतखान्यात एके काळी बादशहासाठी वादन होत असे, तेथे ते आता प्रजेसाठी झाले.

मराठी संगीतकारांशीही त्यांचे सूर जुळले. व्हायोलिनवादक विष्णु गोविंद जोग यांच्यासमवेतच्या जुगलबंद्या विशेष गाजल्या. १९५९ मध्ये प्रदर्शित झालेल्या गूँज उठी शहनाई या चित्रपटास वसंत देसाई यांचे संगीत होते आणि त्यातील शहनाई बिस्मिल्ला खाँ यांची. तत्पूर्वी १९५८ मध्ये सत्यजित राय यांच्या जलसाघर या चित्रपटात ते पडद्यावर दिसले होते. लयाला जाणाऱ्या जमीनदाराच्या संगीतवेडाची ती कथा त्यांच्या घराण्याच्या अनुभवापासून दूर नव्हती.

श्रद्धा आणि शहर

बिस्मिल्ला खाँ हे धर्मनिष्ठ शिया मुसलमान होते. मोहरमच्या दहा दिवसांत घरात शहनाईचे सूर उमटत नसत. आठव्या दिवशी मात्र ते उभ्याने शहनाई वाजवीत आणि दालमंडीहून फातमानपर्यंत सुमारे आठ किलोमीटर पायी जात. त्या दिवशी राग नसे, असे ते केवळ शोकगीतांचे वादन. त्याच वेळी बालाजी आणि विश्वनाथ यांच्याविषयीचा त्यांचा आदर अढळ होता. काशीबाहेर असताना ते या देवळांच्या दिशेला तोंड करून बसत व थोडा वेळ तरी वाजवीत. संकटमोचन मंदिराच्या हनुमान जयंतीच्या संगीत समारोहातही त्यांची हजेरी असे. परदेशात स्थायिक होण्याचे आमंत्रण त्यांनी गंगा आणि काशी सोडवत नाही म्हणून नाकारले.

सन्मान आणि संसार

१९५६ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६१ मध्ये पद्मश्री, १९६८ मध्ये पद्मभूषण, १९८० मध्ये पद्मविभूषण आणि २००१ मध्ये भारतरत्न असे सन्मान त्यांना मिळत गेले. राहणी मात्र बदलली नाही. बेनियाबागेजवळील जुने घर, सायकलरिक्षाचा प्रवास आणि साधी खोली हेच त्यांचे वैभव. एकत्र कुटुंब फार मोठे होते व साथीदारांचा भारही त्यांच्यावरच होता. त्यामुळे मिळकत पुरत नसे. अखेरच्या वर्षांत त्यांच्या आर्थिक ओढाताणीच्या आणि शासनाकडे केलेल्या मदतीच्या विनंत्यांच्या बातम्या येत राहिल्या. भारतरत्नाने गौरविलेल्या कलावंताला उतारवयात प्रपंचाची चिंता वाहावी लागली, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. जुन्या आश्रयात स्वातंत्र्य नव्हते, परंतु घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या भाकरीची शाश्वती होती. नव्या व्यवस्थेने मान दिला आणि स्वातंत्र्यही दिले, परंतु सरकारी नोकरासारखे हक्काचे निवृत्तिवेतन मैफलीच्या कलावंताला नाही.

दिल्लीतील इंडिया गेटजवळ हुतात्म्यांसाठी शहनाई वाजविण्याची त्यांची इच्छा अपुरीच राहिली.

आज लग्नमंडपात सनईचे सूर बहुधा ध्वनिमुद्रणातून येतात. अनेक ठिकाणी ते सूर बिस्मिल्ला खाँ यांचेच असतात, आणि त्यामुळेच हाडामांसाच्या सनईवाल्याची गरज कमी झाली, हा काळाचा विपर्यास म्हणावा लागेल. शहनाईला दरवाजावरून मंचावर आणणाऱ्या या कलावंताचे स्मरण करताना, आजही देवळांच्या नगारखान्यांत तुटपुंज्या मोबदल्यावर पहाटेची सेवा करणाऱ्या निनावी वादकांचेही स्मरण ठेवणे, हीच उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांना खरी आदरांजली ठरेल.