छात्रालयातील गुरुजी

पेडण्यास शब्बाथशाळेच्या काही शिक्षकांबरोबर बसलो असता एकाने विचारले की, आठवी-नववीच्या मुलांची भांडणे मिटवावी तरी कशी? छडी उगारली तर राग आत दबून राहतो आणि बोध करू लागलो तर मुले जांभया देतात. तेव्हा आम्हांस आपल्याच कोकणपट्टीतल्या एका मास्तरांची आठवण झाली.

पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे सर्वांचे साने गुरुजी, यांचा जन्म 24 डिसेंबर 1899 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड येथे झाला. 1924 साली ते खानदेशात अमळनेरच्या हायस्कुलात शिक्षक झाले. पुढे छात्रालयही त्यांच्याकडे आले. गावोगावची वाढत्या वयाची मुले एका छपराखाली राहिली की झाडण्यावरून, सामानावरून कुरबुरी होतातच. गुरुजी न्यायाधीश होऊन बसले नाहीत. मुलांनी न झाडलेली खोली ते स्वतः झाडीत, पसरलेल्या अंथरुणांच्या घड्या घालीत, मळके कपडे धुऊन टाकीत. मुले ओशाळली आणि हळूहळू आपापली कामे करू लागली. गुरुजी ख्रिस्ती नव्हते. पण शिष्यांचे पाय धुणारा प्रभू येथे कोणाला आठवणार नाही? शिवाय ते मुलांसाठी हाताने लिहून छात्रालय-दैनिक काढीत. रागावण्यापेक्षा लिहून समजावणे त्यांना अधिक साधे.

1930 साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात शिरले. तुरुंगवास घडला, आणि 1933 साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहून झाली.

मोठा कलह पुढेच होता. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना बंद होते. गुरुजी आधी काही महिने महाराष्ट्रभर हिंडले, गावोगाव लोकांशी बोलले, त्यांची मने वळवीत राहिले. मग 1 मे 1947 रोजी पंढरपुरात उपोषणास बसले आणि सुमारे दहा दिवसांनी मंदिर खुले करण्याचे ठरले. खरे सांगावयाचे तर उपोषण हे मुलांना शिकवावे असे आम्हांस वाटत नाही. त्यात समोरच्यावर दडपण येतेच. शिकवावयाचे ते त्याआधीचे महिने. विरोध करणाऱ्याच्या दारी जावे, त्याचे ऐकावे, पुन्हा जावे. वर्गातल्या दोन अबोला धरलेल्या मुलांनाही हे जमते, मात्र सवय लावावी लागते.

11 जून 1950 रोजी गुरुजींनी स्वतःच आपले जीवन संपविले. मोठी मुले याविषयी विचारतात. आम्ही ते लपवीत नाही. मनातला कलह एकट्याने सोसू नये, विश्वासाच्या माणसाजवळ तो बोलावा, एवढे सांगून पुढचा तास त्यांच्या बोलण्यासाठी मोकळा ठेवतो.