सॅक्सोफोनचे मास्तर : मार्सेल म्यूल

वाद्यांच्या पंगतीतही मानाची पाने ठरलेली असतात. व्हायोलिन, पियानो यांना पाट-रांगोळी. सॅक्सोफोन मात्र बराच काळ ओसरीवरच राहिला. आडॉल्फ साक्स या बेल्जियन कारागिराने १८४६ साली पॅरिसमध्ये या वाद्याचे पेटंट घेतले. १८५७ पासून तेथील कॉन्झर्व्हेटरीत तो लष्करी वादकांना ते शिकवीत असे. पण १८७० साली, फ्रान्स-प्रशिया युद्धाच्या वर्षी, तो वर्ग बंद पडला. पुढे या वाद्याचा वावर मुख्यतः फौजी बँडमध्ये आणि नाचघरांत उरला. त्याला मैफलीत प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या मोजक्या कलावंतांत मार्सेल म्यूल अग्रभागी आहेत.

त्यांचा जन्म २४ जून १९०१ रोजी नॉर्मंडीतील ओब या गावी झाला. वडीलच त्यांचे पहिले गुरू. तरीही म्यूल प्रथम झाले ते शाळामास्तर! १९२१ साली सक्तीच्या लष्करी सेवेसाठी ते पॅरिसला आले आणि आयुष्याला वळण लागले. १९२३ मध्ये गार्द रेप्युब्लिकेन या नामांकित बँडमध्ये त्यांना प्रवेश मिळाला. फावल्या वेळी ते नाचघरांतही वाजवीत. तेथील जॅझवादकांचा कंप पावणारा सूर त्यांनी आत्मसात केला होता. मात्र अभिजात संगीतात तो आणण्यास त्यांचे मन धजत नव्हते. १९२८ साली एका बॅलेच्या वेळी संगीतकाराच्या आग्रहामुळे त्यांनी तसे वाजविले आणि ते सर्वांना भावले. मग त्यांनी त्या कंपाला शिस्त लावली. त्याची गती मोजून, घोटून, त्यांनी तो आपल्या वादनाचा प्राण बनविला.

त्याच वर्षी त्यांनी चार सॅक्सोफोनांचे चतुष्टय उभारले. पण वाजवायचे काय? रचनाच तुटपुंज्या! म्यूल यांनी इतर वाद्यांसाठीच्या रचना सॅक्सोफोनसाठी बेतल्या. फेर्लिंग यांचे ओबोचे स्वाध्यायही आपल्या विद्यार्थ्यांसाठी संपादित केले. ग्लाझुनोव्हसारख्या ज्येष्ठ रशियन संगीतकाराने या चतुष्टयासाठी खास रचना केली.

१९४२ साली कॉन्झर्व्हेटरीत सॅक्सोफोनचा वर्ग पुन्हा सुरू झाला आणि त्या जागी म्यूल यांची नेमणूक झाली. गावची शाळा सोडून आलेला मास्तर अखेर मास्तरकीकडेच वळला, आणि २६ वर्षे तेथे रमला. फ्रेडरिक हेम्की, यूजीन रूसो यांच्यासारखे विद्यार्थी अमेरिकेहून त्यांच्याकडे आले आणि परतल्यावर तेथील विद्यापीठांत त्यांनी आपले शिष्य घडविले. १९५८ मध्ये शार्ल म्यून्श यांच्या नेतृत्वाखालील बोस्टन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर म्यूल यांनी अमेरिकेचा दौरा केला. एरवी त्या वाद्यवृंदात सॅक्सोफोनला कायमची खुर्चीदेखील नव्हती. या दौऱ्यात तोच अग्रस्थानी होता.

१९६८ साली त्यांनी निवृत्ती घेतली आणि त्यांची जागा त्यांचेच शिष्य दानिएल देफाये यांनी घेतली. १८ डिसेंबर २००१ रोजी, वयाची शंभरी पार करून, म्यूल यांनी जगाचा निरोप घेतला. ७२ वर्षे बंद राहिलेला तो वर्ग त्यानंतर पुन्हा कधी बंद पडला नाही.