सहाव्या खेपेला समुद्रापार : जपानचे गान्जिन

या स्मरणिकेत कोकणातून मॉरिशसला आलेल्या आपल्या पूर्वजांविषयी पुष्कळ वाचायला मिळेल. आम्ही मात्र एका परक्या, साडेबाराशे वर्षांपूर्वीच्या माणसाचे चरित्र मांडत आहोत. चिनी बौद्ध भिक्षू जियानझेन हे ते गृहस्थ. जपानमध्ये त्यांना गान्जिन म्हणतात आणि तेथे शाळेतल्या मुलांनाही त्यांचे नाव ठाऊक असते. तेही समुद्र ओलांडून गेले आणि परत आले नाहीत. म्हणून त्यांची कथा आपल्या घरांत समजेल, असे आम्हांला वाटते.

त्यांचा जन्म 688 साली चीनमधील यांगझोऊ येथे झाला. लहानपणीच ते मठात गेले आणि पुढे भिक्षूंच्या आचारनियमांचे मोठे आचार्य झाले. त्या काळी जपानमध्ये बौद्ध धर्म पोचला होता, पण विधिपूर्वक दीक्षा देऊ शकतील असे अधिकारी भिक्षू पुरेसे नव्हते. कर चुकवण्यासाठी कोणीही मुंडण करून साधू होई. योग्य आचार्य शोधण्यासाठी योएइ आणि फुशो हे दोन जपानी तरुण भिक्षू 733 साली चीनला गेले. नऊ वर्षांनी, 742 मध्ये, ते गान्जिन यांच्यापाशी आले. आपला एखादा शिष्य द्यावा, एवढीच त्यांची विनंती होती. समुद्राच्या भयाने शिष्य गप्प राहिले, तेव्हा पंचावन्नच्या घरातले गुरू स्वतःच निघाले.

पहिला बेत 743 मध्ये घरभेद्यामुळे फसला. रागावलेल्या एका सोबत्याने हे लोक समुद्रचाच्यांना सामील आहेत, अशी अधिकाऱ्यांकडे खोटी फिर्याद केली. जहाज जप्त झाले, जपानी भिक्षू तुरुंगात गेले.

त्याच वर्षाच्या शेवटी गान्जिन यांनी दुसरे जहाज विकत घेतले. त्या जहाजावरच्या सामानाची यादी 779 साली लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात टिकून आहे, आणि ती वाचताना आम्ही थबकलो. तांदूळ, ग्रंथ आणि मूर्ती तर होत्याच, शिवाय चित्रकार, मूर्तिकार, भरतकाम करणारे असे 85 कारागीर होते. औषधांत पिंपळी, हिरडा, मिरी आणि हिंग! पिंपळी आणि हिरडा यांची चिनी नावे आपल्या संस्कृत पिप्पली, हरीतकी यांवरूनच घेतलेली. पुढे साखर, आणि उसाच्या 80 मोळ्या. ज्या पिकापायी आपली माणसे समुद्रापार आणली गेली, तेच पीक हा भिक्षू भेट म्हणून घेऊन निघाला होता. तुफानात ते जहाज यांगत्सेच्या मुखाशीच फुटले. डागडुजी करून पुन्हा निघाले, तर ते खडकावर आदळले.

वाचलेली मंडळी सम्राट अशोकाच्या नावाने असलेल्या एका मठात थांबली. तेथूनही पुढे जाता आले नाही. या वेळी अडवले ते वैऱ्यांनी नव्हे. गुरूचा जीव वाचावा म्हणून एका शिष्यानेच अधिकाऱ्यांना कळवले. गान्जिन त्याच्यावर फार नाराज झाले. अशी अडवणूक अनेकांनी आपल्या घरांतही पाहिली असेल.

पाचवा प्रवास 748 चा. वादळाने जहाज चौदा दिवस भरकटले, प्यायला पाणी उरले नाही, आणि ते लागले कोठे, तर थेट दक्षिणेला हैनान बेटावर. तेथून यांगझोऊला परतायला तीन वर्षे लागली. वाटेत योएइ वारले. सोळा-सतरा वर्षे ज्या कामासाठी परदेशात घालवली, ते त्यांनी पाहिले नाही. गान्जिन यांची दृष्टी गेली. एक आवडता शिष्यही वाटेतच गेला.

येथे आम्हांला एक गोष्ट स्पष्ट बोलायची आहे. फळाची आशा सोडून काम करावे, हे आपल्याकडे लहानपणापासून ऐकतो. पण मजुराला हे ऐकवणे मालकाला फार सोयीचे असते. एक दिवस गैरहजर राहिले की दोन दिवसांची मजुरी कापणारा ‘डबल कट’ ज्यांनी सोसला, त्यांनी फळ सोडले नव्हते. ते त्यांच्याकडून हिसकावले गेले होते. गान्जिन स्वतःहून निघाले होते. त्यांनी फळावरचा हट्ट सोडला, तयारीतली कसर कधी सोडली नाही. जहाज फुटले की नवे सामान, नवे नावाडी. पोचूच, अशी खात्री कोणालाच नव्हती.

753 साली जपानी वकिलातीची चार जहाजे परत निघाली. सम्राटाची परवानगी मिळाली नव्हती, तरी गान्जिन लपून आले. प्रकरण अंगाशी येईल या भीतीने मुख्य वकिलाने त्यांना उतरवले. उपवकील ओतोमो नो कोमारो यांनी गुपचूप आपल्या जहाजावर घेतले. त्यामुळेच ते तरले. मुख्य वकिलाचे जहाज भरकटून आजच्या व्हिएतनामकडे गेले आणि तो जपानला कधीच परतला नाही. गान्जिन वर्षअखेरीस जपानच्या दक्षिण टोकाला, कागोशिमा भागात, उतरले. बारा वर्षांत 36 सोबती मेले होते, दोनशेहून अधिक माघारी फिरले होते. सहाही वेळा टिकले तिघेच : गान्जिन, फुशो आणि शिष्य शिताकु.

754 मध्ये नारा येथील तोदाइजी मंदिरात त्यांनी माजी सम्राट शोमू, त्यांची राणी आणि राज्यावर असलेली त्यांची कन्या यांना दीक्षा दिली. त्याच मंदिरातल्या महाबुद्धाचे डोळे दोनच वर्षांपूर्वी बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या हस्ते उघडले होते. सगळेच मनासारखे झाले नाही. जुन्या भिक्षूंचा विरोध झाला, आणि 758 मध्ये गान्जिन यांना सरकारी पदावरून मोकळे केले गेले. पुढच्याच वर्षी त्यांनी तोशोदाइजी हा मठ उभारला. औषधे ते वासावरून ओळखत, अशी आख्यायिका आहे. मठाचे मुख्य सुवर्णमंदिर पुरे होण्याआधीच, 763 मध्ये, ते वारले. मिटल्या डोळ्यांची त्यांची लाखेची बैठी मूर्ती तेथे आहे. वर्षातून थोडेच दिवस तिचे दर्शन होते.

आणि फुशो? ते वीस वर्षांनी मायदेशी परतले होते. 759 साली त्यांनी दरबाराला अर्ज केला : रस्त्यांच्या दुतर्फा फळझाडे लावावीत, म्हणजे चालून दमलेल्यांना सावली आणि खायला मिळेल. तसा हुकूम निघाला.